शुक्रवारचे दहा जण : मुंबई, ठाणे आणि रायगडातील सिनेगॉगच्या विश्वस्तांना खुले पत्र

सर्व विश्वस्त मंडळींना शालोम.

मागणी एकच आहे, ती आधी सांगतो. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या सिनेगॉगनी (आपल्या ज्यू समाजाच्या प्रार्थनागृहांनी) शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विश्रांतिदिवसाच्या, शुक्रवार संध्याकाळच्या आणि शनिवार सकाळच्या प्रार्थना आपापल्या दारात वेगवेगळ्या न मांडता ठरलेल्या क्रमाने एकाच ठिकाणी कराव्यात, आणि वर्षभराची यादी आधी छापून घरोघरी द्यावी. ठाण्याचे सिनेगॉग शाआर हाशामाईम यातून वगळावे. तिथे आज आपली वस्ती सर्वांत दाट आहे आणि त्यांचे त्यांना पुरते.

कारण साध्या हिशेबाचे आहे. समजा एका शुक्रवारी तीन ठिकाणी सात-सात पुरुष आले. एकवीस माणसे घराबाहेर पडली, लोकलचे धक्के खाल्ले, आणि मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे किमान दहा पुरुष, एकाही ठिकाणी झाले नाही. दहा नसले तर लेखा दोदी (शब्बाथच्या स्वागताचे गीत) म्हणता येते, शब्बाथची स्तोत्रे म्हणता येतात, अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) ज्याची त्याने म्हणावी. पण बारेखू (सामुदायिक प्रार्थनेचे आवाहन) नाही, कद्दीश (गेलेल्यांसाठीही म्हणतात ते ईशस्तवन) नाही, आणि शनिवारी सकाळी सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) आशीर्वादांसह वाचता येत नाही. यात सर्वांत जास्त हाल होतात ते नुकतेच आई किंवा वडील गेलेल्या मुलाचे. त्याला जवळजवळ वर्षभर कद्दीश म्हणायचे असते. दहाव्या माणसाची वाट बघत तो दाराकडे डोळे लावून बसतो आणि साडेसातला न म्हणताच घरी जातो. असे चार-पाच वेळा झाले की तो यायचा थांबतो, आणि मग सातचे सहा होतात.

2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात आपण 4,650 होतो. एवढ्या माणसांत पुन्हा तेरा वर्षांवरचे, मुंबईत राहणारे, शुक्रवारी सुटीवर किंवा वेळेत सुटणारे पुरुष किती, याचा अंदाज आपणा सर्वांना आहे. (उदारमतवादी पद्धतीत बायकाही मोजतात, आपल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये नाही. तो वाद वेगळा आणि मोठा आहे. या पत्रात तो ओढला तर मूळ काम तिथेच अडकेल.)

आता क्रम कसा लावायचा. दर शुक्रवारी जागा बदलणे हा पहिला सुचणारा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. म्हातारी माणसे चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात आणि शब्बाथ सुरू झाल्यावर त्यांना फोन करून बोलावताही येत नाही. महिन्याची पाळीही फार लहान. तीन-तीन महिन्यांचा हंगाम धरावा आणि तो सूर्यास्ताच्या वेळेवर बेतावा.

मुंबईचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सहाच्या आसपास असतो. जानेवारीच्या मध्याला सहा वीस, मार्चच्या मध्याला पावणेसात, मेच्या मध्याला सात पाच, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सात वीस, सप्टेंबरच्या मध्याला सहा चाळीस, ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहा. म्हणजे सगळा फरक सुमारे एक तास वीस मिनिटांचा. शब्बाथचे दिवे त्याआधी 18 मिनिटे लागले पाहिजेत. नोव्हेंबरात पावणेसहाच्याही आत दिवा हवा, आणि हीच वेळ ऑफिस सुटण्याची. म्हणून थंडीचा हंगाम ऑफिसांच्या जवळ असावा.

आमची सूचना अशी. नोव्हेंबर ते जानेवारी मांडवीचे शाआर हारहामीम. फोर्टमधून निघालेला माणूस मशीद स्टेशनवर उतरून वेळेत पोचतो, आणि 1796 पासूनचे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग म्हणून मान त्याचाच पहिला. फेब्रुवारी ते एप्रिल सात रस्त्याचे तिफेरेथ इस्राएल. मे ते जुलै भायखळ्याचे मागेन डेविड, कारण जून-जुलैच्या पावसात स्टेशनपासून जवळ असणे याला पर्याय नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर आग्रीपाड्याचे मागेन हसिदीम. कल्याण-ठाण्याकडून संध्याकाळी शहराकडे येणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेची असते, हाही एक फायदा समजा. नववर्षाच्या रोश हशानापासून सिमहाथ तोरापर्यंतच्या सणांत ही सगळी पाळी बंद ठेवावी. त्या दिवसांत माणसे आपापल्या सिनेगॉगला येतातच आणि यावीत.

वेळ फलकावर कायमची रंगवून ठेवू नये. 'दर शुक्रवारी सायं. 7' असे लिहिलेले असले की जुलैत ते बरोबर बसते आणि डिसेंबरात शब्बाथ लागून तास उलटतो. मिन्हा (दुपारनंतरची प्रार्थना) सूर्यास्ताआधी वीस मिनिटे, पाच मिनिटांच्या पटीत, दर महिन्याला बदलून, हा नियम पुरे. घरात इस्राएलहून आलेली दिनदर्शिका लटकत असेल तर तिच्यावर विसंबू नका. यरुशलेमचा सूर्यास्त हिवाळ्यात पाचच्या आत आणि उन्हाळ्यात पावणेआठला होतो, शिवाय तिथे दिवे 40 मिनिटे आधी लावायची रीत आहे. दुसरी अडचण पाराशाची, म्हणजे तोरातल्या त्या आठवड्याच्या वाचनाची. आपण सण दोन दिवस पाळतो, तिथे एक. शावुओत सणाचा दुसरा दिवस शनिवारी आला, जसा 2026 मध्ये 23 मेला येतो, की तिथले वाचन एका आठवड्याने पुढे जाते. त्या वर्षी 27 जूनच्या शब्बाथला आपण दोन पाराशा जोडून वाचल्या की 4 जुलैपासून दोन्हीकडे पुन्हा एकच पाराशा. मधल्या आठवड्यांत इस्राएलमधल्या नातवाने फोनवर सांगितलेली पाराशा तयार करून आलेला वाचक इथे भलतेच वाचायला उभा राहतो.

दहा माणसे जमवायची तर बारा होकार हवेत, आणि सिनेगॉगपासून चालत येण्याजोगी दोन नावे राखीव. बुधवारी रात्री एकाच माणसाने फोन करावेत. ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असे टाकले की अंगठे येतात, माणसे येत नाहीत. शुक्रवारी दुपारी दोनला यादी बंद. तरीही नऊच भरले तर काय, हे हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) ठाऊक असते, पण घाईत चुकते: मिन्हा ज्याची त्याने उरकावी, शब्बाथच्या स्वागताची स्तोत्रे सावकाश चालीवर घ्यावीत, कारण त्यांना दहा लागत नाहीत. दहावा माणूस बारेखूच्या आत आला म्हणजे झाले. त्यात वीस मिनिटे सहज मिळतात. लहान मुलाच्या हातात ग्रंथ देऊन नऊचे दहा करायची सवलत काही जण काढतात. आम्हाला ती पटत नाही, आणि तिची सवय लागली की दहावा माणूस शोधण्याची निकडच जाते.

चालींचा प्रश्न निघेलच. एकाची चाल कोचीनच्या वळणाची, दुसऱ्याची बगदादी. नियम सोपा ठेवावा: ज्याचे घर त्याची चाल. पुस्तके मात्र सारखी हवीत. तीन वेगळ्या छपाईचे सिद्दूर हातात असले की पान सांगण्यातच प्रार्थना जाते. शुक्रवारपुरत्या मजकुराच्या देवनागरी लिप्यंतराच्या पंचवीस-तीस प्रती मोठ्या टायपात काढून त्या पाळीबरोबर फिरवाव्यात, आणि गुरुवारीच पोचवाव्यात.

किद्दूशबद्दल, म्हणजे द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाबद्दल, जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे दर्जा घसरला आहे. बाटलीतले लाल सरबत किद्दूशला चालत नाही, ते कितीही गोड असो. आपल्या घरांतली मनुकांच्या सरबताची रीत पूर्ण नियमात बसते, मात्र मनुका पुरेशा घालायला हव्यात. पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून त्या जास्त असाव्यात आणि पिळल्यावर त्यांतून रस निघाला पाहिजे. लिटरभर पाण्याला पाव किलो बिया असलेल्या काळ्या मनुका, हे प्रमाण धरावे. धुऊन गुरुवारी रात्री भिजत घालाव्यात, शुक्रवारी सकाळी हाताने कुस्करून स्वच्छ पंच्यातून पिळून घ्याव्यात. पिळण्याचे काम शब्बाथला करता येत नाही, तेव्हा 'आल्यावर गाळू' हे चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये भिजवण फ्रीजमध्येच ठेवा. बाहेर राहिले तर दुपारपर्यंत फेस धरते आणि आंबूस वास मारते. बी मिक्सरमध्ये फुटली की सरबत कडवट होते, म्हणून मिक्सर नको. किद्दूशच्या पेल्यात निदान 86 मिलिलिटर लागते. तीस माणसांना घोटभर वाटायचे तर लिटरभर पुरते.

भाकरीच्या आशीर्वादाला दोन अखंड हव्यात. घरच्या दोन चपात्या चालतात, कापलेला पाव नाही. बेकरीतून आणत असाल तर पिठात दूध किंवा लोणी आहे का ते विचारून घ्या. असले तर त्या जेवणात मांस ठेवता येत नाही, आणि हा घोटाळा नेमका पाने वाढल्यावर लक्षात येतो. शोहेत (नियमाप्रमाणे जनावर कापणारा) मिळणे अवघड झाले आहे. सामुदायिक जेवणात मांसाचा हट्टच नको. रावस किंवा पापलेट नारळाच्या दुधात, भात, आणि एक भाजी. खवले आणि पर दोन्ही असलेला मासा एवढे बघितले की काम झाले. कोळंबी, खेकडा, मुशी स्वयंपाक्याच्या हातून 'थोडीशी चवीला' येऊ नये म्हणून मासे आपल्यातल्याच कुणी आणावेत. अन्न गरम ठेवायला गॅस रात्रभर मंद ठेवायची पद्धत जुन्या, लाकूडकाम भरपूर असलेल्या इमारतींत धोक्याची आहे. विजेची तवी आधीच चालू करून ठेवा.

दिव्यांचे एक लक्षात ठेवा. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठू लागते. जानेवारीत काठाला थिजते, वातीला तेल मिळत नाही आणि दिवा मध्येच विझतो. विझलेला शब्बाथचा दिवा पुन्हा लावता येत नाही. थंडीत त्यात तिळाचे तेल मिसळा. पाण्यावर तेल सोडलेल्या काचेच्या पेल्यात ज्योत जेवण संपेपर्यंत टिकेल इतका तेलाचा थर ठेवा.

आपली भीती आम्हाला माहीत आहे. 'आमच्या दारात नऊ महिने शब्बाथ झाला नाही तर आमचे सिनेगॉग बंद पडले असे म्हणतील, उद्या जागेवर कुणी डोळा ठेवेल.' भीती खोटी नाही. पण विश्वस्त संस्थेची नोंदणी, मिळकत, हिशेब यांतले काहीही पाळीमुळे हलत नाही, आणि हे चारही संस्थांनी ठरावात स्पष्ट लिहून आपापल्या इतिवृत्तात नोंदवावे. पाळी नसलेल्या ठिकाणीही शमाशने (सिनेगॉगच्या सेवकाने) रोज यावे, हेखालसमोरचा (सेफेर तोरा ठेवतात त्या कपाटासमोरचा) दिवा चालू ठेवावा, आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडाव्यात. पैशाचे म्हणाल तर ज्या ठिकाणी प्रार्थना झाली त्याच संस्थेला त्या दिवशीचे नवस आणि देणग्या जाव्यात. शब्बाथला लिहिता येत नाही, म्हणून नावाची कार्डे आधीच तयार ठेवून रकमेच्या खाचेवर कोपरा दुमडायचा. जुनी पद्धत आहे, अजूनही तिच्याइतकी बिनचूक दुसरी नाही. शनिवारी रात्री खजिनदाराने ती वहीत उतरवावीत.

चालू घडामोडींकडे येतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये जे घडले त्यानंतर आपल्या दारात पोलीस आले, आणि 7 ऑक्टोबर 2023 ला इस्राएलवर झालेल्या हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढला. एकाच ठिकाणी माणसे जमली तर धोका वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. आमचे मत उलट आहे. चार दारांवर विखुरलेल्या कंटाळलेल्या पहाऱ्यापेक्षा एका दारावरचा नीट पहारा बरा. त्यासाठी हंगाम सुरू होण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्याला तारखा आणि वेळा लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. परदेशी पाहुण्यांनी गुरुवार संध्याकाळपर्यंत पासपोर्टची प्रत पाठवावी. आज काय होते? शुक्रवारी सूर्यास्तानंतर कुणी प्रवासी पाठीवर बोजा घेऊन दारात येतो, ओळखपत्र हॉटेलात राहिलेले असते, शमाशला वहीत नाव लिहिता येत नाही, पोलीस सोडत नाही. पाहुणा अपमान झाला म्हणून जातो, आणि कधीकधी तोच दहावा असतो.

युद्धाच्या बातम्या आणि त्यावरची भांडणे तेवावर (प्रार्थना चालवायच्या चौथऱ्यावर) चढू देऊ नका. आपल्यातल्या पुष्कळांची मुले, नातवंडे इस्राएलात लोद, रामला, अशदोद, बीरशेबाला आहेत, काही सैन्यात आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना जरूर व्हावी, नावे घेऊन व्हावी. पण मांडवी, नागपाडा, आग्रीपाडा या भागांत आपले शेजारी बहुतांशी मुसलमान आहेत. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आणि नागपाड्याच्या सर जेकब ससून शाळेत आज शिकणारी मुलेही बहुतेक त्यांचीच, आणि आपल्या काही वास्तूंची राखणदारी त्यांच्यातल्याच माणसांनी वर्षानुवर्षे केली आहे. हजानने किंवा विश्वस्ताने सिनेगॉगच्या नावाने राजकीय निवेदन काढू नये. पत्रकार शुक्रवारी दुपारी फोन करतात, कारण त्यांना शनिवारचा मजकूर हवा असतो. उत्तर आधीच ठरवा: रविवारी बोलू.

याच संदर्भात फेब्रुवारी 2027 ची आठवण. जनगणनेची माणसे तेव्हा दारात येतील. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये आपल्याला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण केंद्राच्या सहा समाजांच्या यादीत आपण नाही. 2011 च्या तक्त्यात सहा धर्मांना क्रमांक होते आणि बाकीच्यांचे नाव अक्षरी लिहायचे होते. आपल्यासारख्यांची चूक होते ती इथेच. आडनाव पेणकर, दिवेकर, किहीमकर ऐकले, बोली मराठी ऐकली की प्रगणक न विचारता हिंदू लिहून मोकळा होतो. डॅनियल, सॅम्युअल ऐकले की ख्रिस्ती. धर्माच्या रकान्यात 'ज्यू' असे स्वतः सांगावे, 'इस्रायली' म्हणू नये, कारण ते राष्ट्रीयत्व समजले जाईल, आणि काय लिहिले ते दाखवायला सांगावे. मातृभाषा मराठी. ही सूचना जानेवारी-फेब्रुवारीतल्या प्रत्येक शुक्रवारी किद्दूशनंतर दोन मिनिटांत सांगून टाका. कागद वाटायचा तर दिवस मावळायच्या आत वाटा.

राहिला रायगड. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथली सिनेगॉग या पाळीत बसणार नाहीत, पण त्यांना वर्षातून एक शब्बाथ मिळायलाच हवा. डिसेंबर ते फेब्रुवारीत एकेका गावी बारा-पंधरा जणांनी शुक्रवारी दुपारीच जाऊन शनिवारी रात्रीपर्यंत राहायचे. सूर्यास्त लवकर, म्हणून मांडव्याची बोट दुपारी एकच्या आतली धरा. अलिबागला उतरून इस्रायल आळीत मागेन आबोथला पोचायला, आंघोळ आणि स्वयंपाक आटपायला चार तास हवेत. गाद्या, पाणी आणि स्वच्छतागृहाची पाहणी आधीच्या रविवारी करून यावे. सेफेर तोरा दीर्घकाळ बंद राहिला की दमटपणाने शाई सुटते. एक अक्षर उडाले तरी त्यातून वाचता येत नाही, तेव्हा ऑक्टोबरात ऊन पडल्यावर तो सावलीत उलगडून बघावा. उन्हात कधीच नको, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणे तर त्याहून वाईट. शंका असेल तर मुंबईचा ग्रंथ शुक्रवारीच बरोबर न्यावा. शनिवारी तारे दिसल्यावर मलिदा करा: पंचवीस जणांना किलोभर पातळ पोहे, दोन नारळ, अर्धा किलो साखर, वेलची आणि पाच प्रकारची फळे. पोहे शब्बाथ सुटल्यावरच भिजवा आणि लगेच निथळा, नाहीतर लगदा होतो.

चारही संस्थांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि प्रत्येकी एक माणूस नेमावा. चौघांनी बसून यादी एका दुपारी होते. यादीत चार रकाने पुरेत: तारीख, ठिकाण, दिव्यांची वेळ, मिन्हाची वेळ. छपाई एकाच कागदावर, स्वयंपाकघरात लावता येईल एवढी. पहिला हंगाम नोव्हेंबरचा धरला तर रोश हशानाच्या आधी ती छापून तयार हवी. सणाला सगळे आले की हातोहात वाटता येईल, टपालखर्च वाचेल.

आपले,
शुक्रवारी येणारे काही जण